कागद फिरवायचा नाही

आई,

आज शाळेत मीटिंग होती. विषय एकच, नकाशाची फेरी पुढच्या वर्षापासून ठेवायची की बंद करायची. फेरी म्हणजे तीच, तुझी. संक्रांतीचं उत्तरायण आटोपलं की येणाऱ्या शनिवारी सकाळी सातवीच्या मुलांना घेऊन शाळेबाहेर पडायचं, गल्लीबोळांतून चालायचं आणि चालता चालता नकाशा काढायचा. तू ती तुझ्या मराठी शाळेत चालवलीस, मी माझ्या इंग्रजी शाळेत चालवत आले. तिचं आज काय झालं ते तुला सांगायचं आहे, पण एकदम सांगवत नाही. शनिवार म्हणून अर्धीच शाळा होती. घरी आले, कालची आमटी गरम करून जेवले, भांडी बेसिनमध्ये तशीच टाकली आणि कागद घेऊन बसले. तुला पत्र लिहायची मला सवय नाही. तू होतीस तेव्हा आपण एकाच घरात राहायचो आणि एकाच शाळेत जायचो, पत्र लिहायची वेळच आली नाही.

एकाच शाळेत असलो तरी तुझ्याशी बोलायचं कसं हे दोन ठिकाणी वेगळं होतं. घरी तू आई, शाळेत बाई. फाटकातून आत पाऊल टाकलं की ‘अगं’चं ‘अहो’ करायचं, आणि ते विसरलं तर तू ऐकलंच नाही असं दाखवायचीस. सातवीत तुझ्या वर्गात आले तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी थोडी सवलत मिळेल. कसली सवलत! त्या वर्षीच्या फेरीत नागरवाड्याच्या एका वळणावर मी डावीकडे वळले आणि माझ्या सोयीसाठी कागदही वळवून घेतला, म्हणजे पुढचा रस्ता कागदावरही सरळ वर जाईल. तू पार पुढे होतीस. तुला ते कसं दिसलं कोण जाणे. तू सगळ्या रांगेला थांबवलंस आणि भर रस्त्यात म्हणालीस, “कागद फिरवायचा नाही. आपण फिरायचं, कागदाची उत्तर उत्तरेलाच राहिली पाहिजे. आज कागद फिरवलास, उद्या सूर्याला फिरवशील.” सगळी हसली. एक म्हातारा ओट्यावर दातण करत बसला होता, तोही हसला. मी दिवसभर तोंड फुगवून होते. रात्री ताट वाढताना तू अगदी साळसूदपणे विचारलंस, “काय गं, बाई रागावल्या का?” मी म्हणाले, “रागावल्या.” “बरंच केलं त्यांनी,” म्हणालीस आणि माझ्या भातावर आणखी एक चमचा तूप घातलंस.

त्या स्वयंपाकघरात डावं-उजवं नव्हतंच. आल्यागेल्याला याची भारी गंमत वाटायची. “मीठ उत्तरेच्या फळीवर आहे”, “जरा पश्चिमेला सरक, पोळ्या लाटायच्यात”, “दूध पूर्वेच्या कोपऱ्यात झाकलंय, मांजर बघ.” बाबा रेल्वेत होते, कुठली गाडी कुठल्या स्टेशनावर किती वाजता लागते ते त्यांना तोंडपाठ, पण घरातली साखर त्यांना शेवटपर्यंत सापडली नाही. ते ओट्यापाशी उभे राहून हाका मारायचे, तू आतून म्हणायचीस, “अहो, दक्षिणेला!” आणि ते नेमके खिडकीकडे वळायचे, जी उत्तरेला होती. मला मात्र ते आपसूक आलं. अजूनही अनोळखी घरात शिरले की आधी मनात उत्तर शोधते. इथे फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा पहिल्या दिवशी मी तेच केलं, आणि उत्तरेला नेमका बाथरूमचा शाफ्ट निघाला. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. शेजारी एक बेन वास्तूवाल्या, त्यांना वाटलं मी त्यांच्यातलीच. अजून मला त्या सल्ले विचारतात.

तू नकाशा भिंतीवर लावून कधी शिकवला नाहीस. तो खिळ्यावरून काढायचा, चौघांनी चार कोपरे धरून पटांगणात न्यायचा आणि उत्तर उत्तरेला येईल असा जमिनीवर पसरायचा. मुलांनी चपला काढून त्याच्या कडेने उभं राहायचं. का, ते मला मी स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं. पहिल्याच वर्षी वर्गात विचारलं, “उत्तर कुठे आहे?” तर अख्ख्या वर्गाने बोट वर केलं, छताकडे. एकही मूल चुकलं नव्हतं असं त्यांचं म्हणणं, कारण भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच असते. मी हसू आवरून तशीच बाहेर गेले, शिपायाकडून नकाशा काढवला आणि मैदानात नेला. जमिनीवर नकाशा पसरल्यावर त्या मुलांची तोंडं बघायला हवी होतीस. हिमालय खरंच त्या पलीकडच्या पाण्याच्या टाकीच्या दिशेला आहे, हे त्यांना नवीनच होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मला हे काम येतं.

फेरीत तू पुढे चालायचीस, पदर खोचून, हातात खडू. पतंगांचा मांजा अजून तारांवर लोंबत असायचा आणि मुलांचं अर्धं लक्ष वर. कोपऱ्यावरचा भजियावाला तुला लांबूनच बघून ओरडायचा, “आवी गई बेननी पलटण!” आणि सायकली, हातगाड्या बाजूला व्हायच्या. कुणी ओट्यावर बसायला जागा द्यायचं, कुणी मुलांना पाणी. शेवटी सुरसागर तलावाच्या काठावर बसवून तू सगळ्यांचे कागद शेजारी शेजारी मांडायचीस. कुणाच्या कागदावर मंदिर इकडे, कुणाच्या तिकडे, कुणी मधली गल्लीच गाळलेली. तू कुणाचा बरोबर ते सांगायची नाहीस. “भांडा आता,” म्हणायचीस, आणि आम्ही खरोखर भांडायचो, आणि भांडण मिटलं नाही तर परत त्या गल्लीत जाऊन बघायचं. सगळ्यांकडे परीक्षेची पॅडं होती. माझ्याकडे तू सुताराकडून करून घेतलेली फळी होती, घरातल्या जुन्या पाटाचे पाय काढून, दोन बाजूंना भोकं पाडून, गळ्यात अडकवायला सुतळी ओवलेली. पाटाचा गुळगुळीतपणा तसाच होता. मला तेव्हा लाज वाटायची तिची, पॅड हवं होतं, वर चकचकीत चित्र असलेलं. ती फळी मी नंतर पुष्कळ वर्षं वापरली.

तू गेल्यावर मी फेरी सुरू केली, आमच्या शाळेत. सयाजीगंजाच्या पलीकडची इंग्रजी शाळा, गुजराती मुलं, सिंधी मुलं, मराठी आडनावाची पण घराबाहेर मराठी न बोलणारी मुलं. ‘उत्तर’चं ‘नॉर्थ’ झालं, बाकी सगळं तुझंच. कागद फिरवायचा नाही, हेही इंग्रजीत सांगायचे. आधीची वर्षं मी अक्षरशः वाट बघायचे त्या शनिवारची. मग कधीपासून कोण जाणे, आदल्या आठवड्यापासूनच तो नकोसा वाटायला लागला. पालकांच्या संमतीची पत्रं, तीही निम्मी घरीच विसरलेली. रस्त्यावर आता चालायला जागा नाही, फुटपाथवर स्कूटर उभ्या, रस्त्यावर रिक्षा, आणि बाजूला व्हा म्हटलं की ‘पलटण’ म्हणून कौतुक करणारं कुणी नाही, हॉर्न वाजवणारेच सगळे. घसा बसतो. गुडघा तर उताराला बोलायलाच लागतो. गेल्या वर्षी एका मुलीला स्कूटरचा धक्का लागला. काही विशेष नाही, कोपर खरचटलं, पण रात्रीपर्यंत पालकांच्या ग्रुपवर तिच्या कोपराचे फोटो आणि खाली भराभर प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईपुढे उभी राहून माफी मागितली आणि मला काही वाटलं नाही. रागही आला नाही. फक्त घरी जाऊन पडावंसं वाटलं. तू फेरीवरून आलीस की लगेच ओट्यापाशी उभी राहून पोळ्या करायचीस, कधी टेकलेली मला आठवत नाही. टेकत असशीलही, मी बघितलं नसेल. मुली कुठे बघतात.

तर यंदा शाळेत डिजिटल नकाशे आले. कंपनीच्या माणसाने येऊन आम्हा सगळ्यांना प्रशिक्षण दिलं, टॅबलेट दिले, वर्गात मोठा पडदा आधीपासून होताच. आता तुला हे कसं समजावू? असं समज, की तुझा तो भिंतीवरचा नकाशा काचेत गेला आहे, बोटाने जवळ येतो, लांब जातो, त्यात घरांची छपरंही दिसतात, आणि आपण जिथे उभे आहोत तिथे एक निळा ठिपका. मुलांना हे नवीन नाही, त्यांच्या बापांच्या मोबाईलवर असतंच. नवीन होतं ते आम्हाला. स्टाफरूममध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. इतिहासाचे सर, माझ्याच वयाचे, ते पहिल्या दिवसापासून विरोधात. “नेट जशे तो शुं भणावशो?” नेट गेलं तर शिकवणार काय, एवढा एकच त्यांचा प्रश्न, आणि नेट खरोखर जायचं, त्यांच्याच तासाला. खालच्या वर्गाच्या एक मॅडम म्हणायच्या, मुलं नकाशा उघडतात आणि पाठ फिरली की गेम. दुसऱ्या एकीचं म्हणणं, आपल्याला येत नाही ते मुलांना येतं, वर्गात तोंडघशी पडायला होतं. हे मात्र कुणी मोठ्याने म्हणत नसे, फक्त डबा खाताना. काहींना वाटत होतं की यात शिकवण्यापेक्षा फोटोच जास्त काढले जातात, पालकांना पाठवायला. आणि काही जण गप्प होते. गप्प बसणाऱ्यांचं मत सगळ्यांत सोपं असतं, आई, जे ठरेल ते.

माझं मत विचारशील तर मला ते आवडायला लागलं. विरोध करायच्या तयारीने गेले होते, पण जमला नाही. आमच्याकडे भूगोलाला एक तरुण सर नवीन लागलेत, गुजराती आहेत, मला ‘मॅडम’ म्हणतात आणि पाया पडायचंच काय ते बाकी. “मॅडम, छोकराओने बहु मजा आवशे, जोजो,” मुलांना मजा येईल बघा, असं म्हणत त्यांनी माझा तास मागून घेतला. मुलांना टॅबलेट देऊन मैदानात उभं केलं. मी माझा जुना प्रश्न विचारला, उत्तर कुठे? मला वाटलं, आता बोटं आकाशाकडे जातील. तर एक जण म्हणाला, “मॅडम, जिकडे तोंड तिकडे.” मी म्हटलं, म्हणजे? तर त्याने गोल फिरून दाखवलं. तो फिरला की काचेतला नकाशाही त्याच्याबरोबर फिरायचा, पुढचा रस्ता कायम वर. मी तुझं ते वाक्य म्हणणार, तेवढ्यात सरांनी शांतपणे पडद्याच्या कोपऱ्यातलं एक छोटं होकायंत्राचं चिन्ह दाबलं. नकाशा सरळ झाला, उत्तर उत्तरेला, आणि मग तो मुलगा फिरला तरी फिरेना. “आ तो सेटिंग छे, मॅडम,” सर म्हणाले. मला हसूच आलं. तू एका पिढीला जे ओरडून शिकवलंस, ते तिथे एका बोटाने होत होतं.

मग दिवाळीच्या सुट्टीनंतर मी स्वतः एक तास घेतला. ‘घरातली माणसं कामाला कुठे जातात’ ते शोधून नकाशावर खूण करायची. दुकानं, ऑफिसं, स्टेशन, बहुतेकांचं चटकन झालं. एक मुलगी मात्र बराच वेळ बोट सरकवत होती. घरी मराठी बोलतात तिच्या, वडील नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात आहेत. तिने घरापासून सुरुवात केली होती आणि कंपनीची बस ज्या रस्त्याने जाते तो रस्ता धरून उत्तरेला जात होती, शहर संपलं, शेतं आली, तरी जात होती. शेवटी कारखान्यांची छपरं आली, पांढरी, करडी, एकाला एक लागून. वडील कुठल्या छपराखाली, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने मला मराठीत विचारलं, वर्गात ती कधी मराठी बोलत नाही, “मॅडम, एवढ्या लांब? रोज?” मी म्हटलं, हो. ती पुन्हा घरापर्यंत आली, पुन्हा तिथवर गेली. मग म्हणाली, “म्हणून ते आल्यावर बोलत नाहीत.” तास संपल्याची घंटा झाली तरी ती बसून होती. मी तिला उठवलं नाही. आपल्या फेरीतून हे कधी झालं नसतं, आई. फेरी जिथवर पाय नेतील तिथवरच, आणि मुलीचे पाय नंदेसरीपर्यंत कोण जाऊ देणार? हे मी तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, आणि तुझ्याशिवाय ते सांगण्याजोगं कुणी नव्हतं.

पण त्याच पडद्याची दुसरी बाजूही दिसली. जानेवारीत, फेरीच्या आधी, मी त्याच मुलांना म्हटलं, पडदा बघायचा नाही, घर ते शाळा रस्ता कागदावर काढा. बसने येणाऱ्यांनी एक घर काढलं, एक शाळा काढली आणि मध्ये एक रेघ. वळणसुद्धा नाही. काहींनी पेट्रोल पंप काढला, एकाने मॉल. मी तरुण सरांना ते कागद दाखवले. ते म्हणाले की त्यांचं स्वतःचंही असंच होतं, नवीन भागात फोनशिवाय त्यांना परत येता येत नाही. त्यानंतर यंदाच्या फेरीला ते माझ्याबरोबर आले. पहिल्यांदाच. सगळा वेळ मागे राहिले, मुलांना आत घेत, रिक्षावाल्यांना हात करत, आणि शेवटी कागद मांडले तेव्हा मुलांच्या भांडणात चक्क स्वतः पडले. एक मुलगी म्हणत होती दवाखाना वळणाच्या आधी, सर म्हणत होते नंतर. परत जाऊन बघितलं तर मुलीचं बरोबर. सर इतके खूश झाले की सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली. मी कठड्यावर बसून गुडघा दाबत होते. मला ते सगळं दिसत होतं, चांगलं चाललंय हे कळत होतं, आणि तरी मनात एकच, की आता परत शाळेपर्यंत चालायचंय.

आता आजचं. प्रिन्सिपल मॅडमनी सरळ विषय मांडला. गेल्या वर्षीचा तो स्कूटरचा प्रसंग, पालकांच्या तक्रारी, आणि आता आपल्याकडे सोय आहे तर फेरी पडद्यावरच का करू नये, रस्ता तर तोच दिसतो. सगळ्यांचं मत घेतलं. इतिहासाचे सर म्हणाले, पडदा नको आणि फेरीही नको, पुस्तक पुरे. बाकीच्यांनी माना डोलावल्या, नक्की कशाला ते त्यांनाच ठाऊक. मग तरुण सर उठले. मला वाटलं होतं ते पडद्याच्या बाजूने बोलणार, माझ्या तासाला ते त्यांनीच तर आणलं होतं. ते म्हणाले, “बन्ने करीए ने?” दोन्ही करू. आधी फेरी, मुलांनी हाताने कागद काढायचा, मग वर्गात येऊन पडद्यावर ताडून बघायचं, कुठे चुकलं, कुठे पडदाच चुकलाय. म्हणाले, पायाने गेल्याशिवाय पडद्यावरचं काही खरं वाटत नाही, हे मी मॅडमकडून शिकलो. आणि व्यवस्थेचं म्हणाल तर ती मी बघतो. पालकांशी मी बोलेन, दोन रिक्षा बरोबर ठेवू, एखाद्याला लागलं तर. मग माझ्याकडे बघून, जरा संकोचत, “मॅडमने पगमां दुखे छे, तो मॅडम रिक्षामां बेसे, अमे चालीशुं.” सगळ्यांसमोर माझा गुडघाही त्याने सांभाळून घेतला.

प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे वळल्या. “मॅडम, ये तो आपका ही काम है. आप जो बोलेंगी, वही करेंगे.” त्या खोटं बोलत नव्हत्या. मी हो म्हटलं असतं तर फेरी राहिली असती, कदाचित माझ्यानंतरही राहिली असती, त्या पोराने चालवली असती, माझ्यापेक्षा चांगली. तो उभाच होता. “तमे कहो ने कंईक, मॅडम,” म्हणाला, तुम्ही काहीतरी बोला. त्याला खात्री होती मी काय बोलणार याची. सगळ्यांनाच होती.

मी म्हणाले, सुरक्षिततेचा विचार करता पडद्यावर भागतं, आता फेरीची गरज नाही. व्यवस्थित बोलले, हिंदीत, अधूनमधून इंग्रजी, आवाज चढला नाही की कापला नाही. नंदेसरीच्या मुलीचं उदाहरणसुद्धा दिलं, पडद्याचा कसा उपयोग होतो म्हणून. सर हळूच खाली बसले. त्यांनी वाद घातला नाही, मोठ्यांशी वाद घालत नाहीत ते. मीटिंग संपली, समोसे आले.

सुरक्षिततेचं खोटं नाही, पण कारण ते नव्हतं. नकाशांचाही त्यात काही संबंध नव्हता. काच चांगली की कागद, हे मी आज कुणालाही नीट समजावून सांगू शकेन, दोन्ही बाजूंनी. मी दमले आहे, आई. नुसती फेरीने नाही, पण फेरीने जास्त. आणि रिक्षात बसून यायची सोय झाली होती, म्हणजे पायांचंही निमित्त नव्हतं उरलं. त्या सरांनी एकेक करून माझी सगळी निमित्तं काढून घेतली, बिचाऱ्याने माझ्या भल्यासाठीच, आणि तरी मी नको म्हटलं. कारण फेरी कुणीही चालवली असती तरी दर वर्षी तो शनिवार आलाच असता आणि मला तुला तोंड दाखवावं लागलं असतं. मला ती दुसऱ्याच्या हाती द्यायची नव्हती. मला ती संपायला हवी होती.

जिन्यात सर भेटले. मला वाटलं विचारतील. त्यांनी फक्त माझ्या हातातली पिशवी घेतली आणि गेटपर्यंत आणून दिली, गुडघ्याला काय लावते ते विचारलं. “आवजो, मॅडम,” म्हणाले. मी रिक्षा केली. वाटेत रडू येईल असं वाटत होतं, म्हणून रुमाल काढून ठेवला होता. आलं नाही. हायसं वाटत होतं, परीक्षा संपल्यावर वाटतं तसं, लाज वाटावी इतकं. घरी आले, जेवले, भूकही नेहमीपेक्षा जास्तच लागली होती.

हे कुठे पाठवायचं नाही, वाचायला कुणी नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. तू गेल्यापासून काहीही झालं, चांगलं झालं, वाईट झालं, तरी मला वाटत आलं की आत्ता आई हवी होती. लग्नाच्या वेळी वाटलं, मुलाच्या वेळी वाटलं, त्या नंदेसरीच्या मुलीच्या दिवशी वाटलं. आज सगळे माझ्याकडे बघत होते, मी बोलायला तोंड उघडलं, आणि तेव्हा मला बरं वाटलं की तू नाहीस.